पंधराची बेरीज

साल त्रेचाळीस. इस्लामपूरजवळच्या एका खेड्यात मी चौथीचा मास्तर होतो. पाढे घोकून डोकं चालत नाही, डोकं चालवायला कोडं लागतं, असं मी छातीठोकपणे सांगायचो. पोरांना एक घातलंच. नऊ घरं, एक ते नऊ आकडे एकेकदाच भरायचे. आडवी, उभी, तिरपी, कुठूनही बेरीज पंधरा. उत्तर सांगणार नाही म्हटलं.

पोरं इरेला पेटली. पाट्या पुरेनात, तशा कोळशानं भिंती भरल्या. चार दिवसांत चावडीपासून देवळापर्यंत चौकटीच चौकटी, आणि प्रत्येकीखाली पंधरा.

पाचव्या दिवशी सकाळी भूमिगतांना हुडकत फौजदार आले. भिंती बघून थबकले.

"पंधरा तारखेला काय आहे?"

गावचे बाळासो पाटील चाचरत म्हणाले, "मास्तरास्नी ठावं."

मला चावडीत उभं केलं. दारात दोन बंदुकवाले.

"साहेब, हे गणित आहे."

"मग सोडवा."

खडू हातात आला आणि डोकं रिकामं झालं. उभी बेरीज पंधरा, आडवी चौदा.

फौजदारांनी शांतपणे विचारलं, "एक कुठं लपवलाय?"

पुसून पुन्हा मांडलं. सोळा.

"आणि हा कुठून आला?"

शिपायानं बेड्या काढल्या. मला येरवडा दिसायला लागला. तिसऱ्या खेपेला मी सात दोनदा लिहिला. असा तास गेला.

तेवढ्यात राहीबाई आली. मी तिच्याकडेच जेवायचो. तिला अक्षर ठाऊक नव्हतं. तिनं ओच्यातल्या भुईमुगाच्या शेंगांचे नऊ ढीग जमिनीवर मांडले. "मधी पाच ठिवायचं, आवं."

फौजदार उकिडवे बसून मोजत राहिले. आठही बाजूंनी पंधरा. त्यांनी चौकट वहीत उतरवून घेतली आणि निघून गेले.

धुरळा बसल्यावर राहीबाई हळूच म्हणाली, "माज्या माळ्यावर दोघं हुती, मास्तर. तुमी फौजदाराला अडकवलंसा, तवर उसातनं पार झाली. मगच मी आले."

रोज त्याच माळ्याखाली बसून मी जेवत होतो.

"पर येवढं चुकायचं सोंग तुमास्नी जमलं कसं?"

"सवय लागते," मी म्हणालो, आणि भिंत धरून खाली बसलो.