धुराड्यावरचा लावा

गुडघा दुखत होता, म्हणून ऑरिन टटलने त्या वर्षी टेकडीवर न जाता घराच्या परसातच वर्तुळ आखले. निर्णय एवढासाच होता. पण अनर्थ बहुधा असेच सोयीच्या वाटेने घरात येतात.

कनेटिकटमधल्या त्या गावी ऑक्टोबरातला एक रविवार पक्षीमंडळाच्या बैठकीचा असे. बैठक म्हणजे खरोखरच बैठक. सतरा फूट रुंदीचे वर्तुळ आखायचे, पहाटेपासून त्यात खुर्ची टाकून बसायचे, आणि आतून जो पक्षी दिसेल किंवा ऐकू येईल तो वहीत मांडायचा. पाऊल बाहेर पडले की तेवढा वेळ डोळे-कान असून नसल्यासारखे. ऑरिन हे व्रत बावीस वर्षे पाळत आला होता. (या निष्ठेच्या शतांशानेही त्याने चर्चमधले प्रवचन ऐकले असते, तर पाद्रीबाबांचे डोळे पाणावले असते.)

यंदा मात्र व्रताला चिंता चिकटली होती. ऑरिन मंडळाचा नोंदकार होता. कुणी काय ऐकले, ते खरे की भ्रम, याचा निवाडा तो करी. त्यालाच आता ऐकू कमी येते, अशी कुजबुज सुरू झाली होती. नोंदवही त्याच्याकडून काढून त्याच्या मेहुण्याकडे, एल्वुडकडे, द्यावी काय, याचे मतदान त्याच सायंकाळी व्हायचे होते. पत्नी मर्टल या वादात तटस्थ होती. भाऊ आणि नवरा तिला सारखेच मूर्ख वाटत. तेव्हा आज कानांनीच पक्षी मोजून दाखवायचे, असा ऑरिनने संकल्प सोडला.

धुके दाट होते, आणि कानांवर कृपा झाली. उजाडते न उजाडते तोच टिटवी ओरडली. ऑरिनने लिहिले. मग चंडोल गायला. जवळपास कुरण नव्हते, पण वरून जात असेल. मग माशीमाराची लांब, उदास शीळ आली. हा पक्षी महिन्यापूर्वीच दक्षिणेला निघून जातो. आजारपणामुळे मागे राहिला असेल बिचारा, अशी हळहळ करून ऑरिनने त्यालाही मांडले. हळूहळू आणखी सहा नावे चढली. डोळ्यांना मात्र धुराड्यावरच्या एका ठिपकेदार साळुंकीखेरीज काही दिसत नव्हते. ती पहिल्याच ओळीत लिहून झाली होती. एकदा लिहिलेल्याकडे पुन्हा कोण पाहतो?

नऊ वाजता मर्टलची शीळ आली. नवऱ्याला घरात बोलवायचे तर ती दोन सुरांची शीळ घाली, आणि तो मुकाट्याने जाई. तो गेला. तिने बोलावले नव्हते. तो परतला, बसला, पुन्हा शीळ आली. पुन्हा गेला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस मर्टल पडदा मांडीवर घेऊन बसली होती. ओठांतल्या टाचण्या तिने एकेक करून काढल्या.

"भूक लागली असेल तर तसं सांग ना, ऑरिन. माझ्यावर कशाला ढकलतोस?"

"तू शीळ घातलीस."

"तोंडात नऊ टाचण्या धरून?"

नाद आहे आणि नाद करणारा कोणीच नाही, ही अवस्था योग्यांना दीर्घ साधनेने लाभते. ऑरिनला ती एका सकाळीत लाभली आणि मुळीच मानवली नाही. एक तर आपले कान खोटे बोलतात किंवा आपली बायको; आणि मतदान होईपर्यंत दोन्ही उच्चारण्यासारखे नव्हते.

अकराच्या सुमारास लावा बोलला. तोच, खालून वर उसळणारा स्वर. पस्तीस वर्षांपूर्वी त्या भागातून नाहीसा झालेला रानलावा, आणि त्याच्या परसात! ऑरिनने दहावे नाव ठळक अक्षरांत मांडले. त्याने मंडळाला फोन केला.

वीस मिनिटांत चौदा माणसे मर्टलची शेवंती तुडवीत आली. नियमाप्रमाणे वर्तुळाबाहेरून ऐकलेले बाद, म्हणून चौदाही जणे सतरा फुटांत शिरली, आणि कोपराला कोपर लावून श्वास रोखून उभी राहिली. मर्टल दारात येऊन शेवंतीकडे पाहत होती. धुके विरत होते.

लावा बोलला. तेरा माना कुंपणाकडे वळल्या. एल्वुडची मान तेवढी वर गेली, आणि मग हळूहळू सर्वांचीच. धुराड्यावर साळुंकीने पंख फुगवले, चोच उघडली, आणि लावा पुन्हा बोलला. मागोमाग टिटवी ओरडली, चंडोल गायला, आजारी माशीमार रडला, वहीतले बाकीचेही एकेक करून बोलले, आणि शेवटी मर्टलची शीळ आली. ऑरिनचा पाय आपसूक उचलला गेला.

कोणी हसले नाही, हेच जड होते. टेकडीपलीकडे एक जण पिंजऱ्यात लावे पाळतो, ही तिथलीच शिकवण, असे कोणीसे पुटपुटले. एल्वुडने वही मागून घेतली, बोट फिरवीत साळुंकीखालची दहा नावे वाचली आणि घसा खाकरला. ऑरिनने डोळे मिटले.

"मतदान आताच उरकू," एल्वुड म्हणाला. "साळुंकीनं दहा आवाज काढले आणि यानं दहाच्या दहा अचूक ओळखले. फसला, कारण पाखरू नकलेत पक्कं आहे. पण कान? असे कान आपल्यात कुणाचे आहेत?"

चौदा हात वर झाले. ऑरिन टटल यांची श्रवणशक्ती संपूर्ण निर्दोष आहे, असा ठराव एकमताने नोंदला गेला आणि वही त्याच्या हाती परत आली. तिच्यातल्या दहा ओळी त्याने स्वतःच खोडल्या, साळुंकी राहिली. त्याला गहिवरून आले.

मर्टल पायऱ्या उतरून आली. तिने ठराव मागून घेतला आणि सावकाश, दोनदा वाचला.

"संपूर्ण निर्दोष," ती म्हणाली. "म्हणजे छपराच्या पन्हळीतली पानं काढ, हे मी गेले सहा शनिवार सांगतेय, ते तुला ऐकू गेलं होतं तर."

'काय म्हणालीस?' हे चाळीस वर्षे कामी आलेले उत्तर ऑरिनच्या ओठांपर्यंत आले, चौदा साक्षीदारांना पाहून थबकले, आणि मागे फिरले.

शिडी एल्वुडने धरली.