शेणव्याचे म्यानेजर

काशीभाऊंनी फुटबॉलच्या मॅचमध्ये चेंडू कधी बघितला नाही. मैदानाच्या कडेला उभे असायचे, पण चेंडू उजवीकडे गेला की यांची मान डावीकडे. गोल झाला की सगळं गाव ओरडायचं आणि हे शेजारच्याला विचारायचे, "कोणाचा झाला?" परगावच्या लोकांना वाटायचं, यांना दिसत नसावं. एकदा चेंडू सणसणत आला आणि त्यांच्या डोक्यावर मागून आदळला. टोपी उडाली. ती उचलून झटकत ते मला म्हणाले, "कोणी मारला ते नको सांगू. तू तवा कुठं होतास ते सांग."

मी आमच्या शेणवा गावच्या टीमचा उजवा बॅक. तेव्हा मी पाणी पीत होतो.

तरुणपणी काशीभाऊ कल्याणच्या एका कारखान्यात होते आणि कारखान्याच्या टीममधून खेळायचे. नव्वदच्या सुमाराला कारखाना बंद पडला आणि ते एक शिट्टी, एक चेंडू आणि खाकी हाफपँट घेऊन गावी आले. लग्न केलेलं नव्हतं. भावकी गावभर, पण घरात एकटेच. आम्ही पोरं भातकापणी झाली की माळावर फुटबॉल खेळायचो. खेळायचो म्हणजे, चेंडू जाईल तिकडे सगळे धावायचे. काशीभाऊंनी संध्याकाळभर ते बघितलं आणि म्हणाले, "दाणे टाकल्यावर कोंबड्या पण जरा लांब लांब उभ्या राहतात रे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आम्हाला ताब्यात घेतलं. त्यांना कोच म्हटलेलं मात्र खपायचं नाही. "कोच गाडीच्या डब्याला म्हणतात. मी म्यानेजर."

म्यानेजरांनी पहिलं काम काय केलं, तर चेंडू घरी नेऊन भाताच्या कणगीत टाकला. आम्ही चेंडूशिवाय खेळायला शिकलो. कोणी पळालं की कोणी थांबायचं, कोणी वर गेलं की कोणी मागे यायचं, हे सगळं हवेत. बायका पाणी भरायला जाताना थांबून बघायच्या. माझी आई मला म्हणाली, "चेंडू हरवलाय तर नवा घ्या की." पण काशीभाऊंचं वाक्य ठरलेलं होतं, "ज्याच्याकडं चेंडू नाय, तोच खरा खेळतो. मोकळा ऱ्हा. मोकळ्या माणसाकडं चेंडू आपसूक येतो."

त्या हिवाळ्यात आम्ही शहापूरची ढाल जिंकली, आणि मग जिंकतच राहिलो. समोरची टीम चेंडूमागे झुंडीने धावायची आणि आम्ही रिकाम्या जागी उभे राहून एकमेकांना हाका मारायचो. हळूहळू तालुकाभर लोक आमची चाल उचलायला लागले. एका गावच्या कोचने तर नुसती पाठ फिरवून उभं राहणंच उचललं. ते सडकून हरले.

पुढे पुढे म्यानेजरांना लग्नातही मान मिळायला लागला. पंगत बसली की वाढपी सगळे एकाच टोकाला गर्दी करतात आणि दुसऱ्या टोकाचे पाहुणे कोरडा भात चिवडत बसतात. काशीभाऊंनी वरणवाला मध्ये ठेवला, भातवाला पुढे काढला आणि पाणीवाल्यांना दोन्ही कडांनी वरखाली सोडलं. स्वतः मांडवाच्या खांबाला टेकून, ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याकडे बघत उभे. मला म्हणायचे, "नाम्या, लोणचं घेऊन जागेवर जा. हाक येईल." किन्हवलीपर्यंतची लग्नं त्यांनी अशी निभावून नेली.

आमचा फॉरवर्ड होता दत्तू. त्याच्याइतका मोकळा राहणारा खेळाडू मी पुन्हा बघितला नाही. आईबाप लहानपणीच गेलेले, मामाकडे वाढला, मामाच्या ओटीवर झोपायचा. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावातून त्याला स्थळ आलं. मुलगी एकुलती, म्हणजे मुलाने घरजावई व्हायचं. दत्तू त्यांना म्हणाला होता, "आमच्या म्यानेजरना विचारा." मुलीचे वडील इस्त्रीचे कपडे घालून ऑफिस शोधत आले. म्यानेजर त्यांना माळावर सापडले, हाफपँटमध्ये, त्यांच्याकडे पाठ करून. दोघं बांधावर बराच वेळ बोलले. पाहुणे गेल्यावर काशीभाऊ आम्हाला एवढंच म्हणाले, "पळायचं थांबायला कोणी सांगितलं?"

आम्ही निर्धास्त होतो. टीमचा फॉरवर्ड कोण म्यानेजर हातचा सोडेल? पण लग्न ठरलं, झालं, आणि दत्तू मुरबाड तालुक्यात गेला. गाव दत्तूवर चिडलं. काशीभाऊ आम्हाला पळवत राहिले.

काही वर्षांनी मुरबाडच्या ढालीच्या फायनलला आमच्यासमोर दत्तूची टीम आली. त्याने तिकडच्या पोरांना सगळं शिकवलं होतं. त्या दिवशी आम्ही जिथे जागा शोधायला जावं, तिथे त्यांचा माणूस आधीच उभा. आम्ही दोन गोलांनी हरलो. ढाल गेली. आमची पोरं दत्तूशी हात न मिळवता टेंपोत जाऊन बसली.

मी बूट सोडत होतो, तेव्हा दत्तूचे सासरे शेजारी येऊन बसले. म्हणाले, "तुमच्या म्यानेजरांचे उपकार हायेत आमच्यावर. मी तवा विचारलं, पोराला न्यावं का? त्ये म्हणाले, आमच्याकडं त्याला मैदान हाय, घर नाय. तुमच्याकडं घर हाय ना, मंग न्या. मैदान तो करील." मग उठता उठता म्हणाले, "आणि मला म्हणाले, पोरांना सांगू नका, तुटून पडतील माझ्यावर."

मी वळून बघितलं. काशीभाऊ टेंपोजवळ उभे होते आणि दत्तूची बायको कडेवर पोर घेऊन त्यांच्याशी बोलत होती. मी जवळ गेलो.

"आता राहायलाच या तुमी," ती म्हणत होती.

"कवा हाय मॅच?"

"मॅच नाय हो. असंच या."

तिच्या पोराने त्यांची टोपी ओढली, ती त्यांनी ओढू दिली. ती दोनदा "या हं" म्हणाली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि माझ्याबरोबर पुढे ड्रायव्हरशेजारी चढून बसले. मागे पोरं दत्तूला शिव्या घालत होती. मला वाटलं, आता मॅचबद्दल बोलतील, मी कुठे कुठे उभा राहायला हवा होतो ते सांगतील.

किन्हवली मागे पडल्यावर ते हळूच म्हणाले, "नाम्या, असंच जायचं म्हंजे हातात काय न्यायचं असतंय रे?"

"लहान पोर आहे घरात," मी म्हटलं. "काहीतरी गोड न्या."

"गोड," ते म्हणाले. आणि मग शेणवा येईपर्यंत मला विचारत राहिले, की शहापूरला पेढे कोणाकडे चांगले मिळतात.