सुग्राबींच्या खाटेचा तटस्थ अभ्यास

सकाळी साडेदहा वाजता वणीतल्या ट्रकदुरुस्तीच्या गल्लीत चाकांची खुर्ची आली. संध्याकाळपर्यंत तिच्यावर कोणी बसले नव्हते.

खुर्ची आणली होती संशोधक डॉ. मोनाली ताकसांडे यांनी. त्यांचा विषय होता ‘स्थलांतरित समाजाचे आरोग्य आणि अपंग व्यक्तीला मिळणारा कौटुंबिक आधार’. त्यांना एक कुटुंब हवे होते आणि सुग्राबींना खुर्ची. सुग्राबींचे पाय लुळे पडून बरीच वर्षे झाली होती. कापसाचा बाजार बसला, राळेगावची कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली, तेव्हा तिथला फिटर जलाल आईला खाटेसकट वणीला घेऊन आला आणि ट्रक दुरुस्त करू लागला.

गल्लीला एक सवय होती. ऊन सरकले की जो जवळून जाईल तो सुग्राबींची खाट सावलीत ओढायचा. कुठल्या सावलीत, हे मात्र ओढणारा ठरवायचा. एकदा ड्रायव्हर खेमसिंगने ती पंक्चरवाल्याच्या दारात नेऊन ठेवली आणि त्यांना दिवसभर जळक्या रबराचा वास घ्यावा लागला.

“मले माह्या मनानं फिराचं हाय, बेटी,” सुग्राबी म्हणाल्या. “बसू का खुर्चीवर?”

“आत्ताच नको, आजी. आधी गरज सिद्ध व्हायला हवी.”

पहिली अडचण संस्थेच्या समितीने काढली. राळेगाव आणि वणी एकाच जिल्ह्यात असल्याने हे कुटुंब स्थलांतरित ठरत नव्हते, फक्त सरकलेले ठरत होते. उपाय सोपा होता. जलालने आईला ट्रकमध्ये घातले, वर्धा नदीचा पूल ओलांडला, चंद्रपूर जिल्ह्यात चहा पाजला आणि परत आणले. समितीने कुटुंबाचे वणीत स्वागत केले.

आता प्रश्न ओळखीचा होता. नव्याने आलेल्या कुटुंबाला परक्या गावात कोणी ओळखत नसते. त्यामुळे गल्लीने ओळख दाखवल्यास निष्कर्ष बिघडतील, असे डॉ. ताकसांडे यांनी नम्रपणे समजावले. सुग्राबी चाचीला खुर्ची मिळणार असेल तर काही दिवस अनोळखी व्हायला गल्लीची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी खेमसिंग खाटेपाशी थांबला आणि त्याने हात जोडले.

“रामराम. कोणत्या गावच्या म्हणाव तुम्ही?”

“मुडद्या, काल माह्या घरच्या शेवया हाणून गेला न तू!”

“असंन. आपली काई वळख नाई, बाप्पा.” मग खाली वाकून तो कुजबुजला, “तुह्या खुर्चीसाठीच करून राह्यलो, चाची. खार नको खाऊ.”

कुजबुज ऐकू आल्याने ती भेट अभ्यासातून वगळण्यात आली.

ऊन सरकले. खाट सरकली नाही. जलाल ट्रकखालून बाहेर आला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की कौटुंबिक आधार जास्त भरला तर गरज कमी भरते. तो पुन्हा ट्रकखाली गेला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते आणि ते एका जागी राहत नव्हते.

आठवड्याने निष्कर्ष आला. आधार शून्य, गरज संपूर्ण. समितीने डॉ. ताकसांडे यांचे अभिनंदन केले.

“मंग द्या न आता खुर्ची,” जलाल म्हणाला.

“दिली तर गरज संपेल. सिद्ध झालेली गरज अशी मोडता येत नाही.”

“अन् अम्मीनं उन्हातच बसाचं?”

“उन्हाचा उल्लेख अहवालात ठळक केलाय.”

सुग्राबींनी पदर डोक्यावर ओढला आणि समोरच्या ओट्याकडे पाहिले. तिथे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली खुर्ची होती.

“बेटी,” त्या म्हणाल्या, “खुर्चीले तरी सावलीत ठेवलं न तू. शाबास.”

अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली आहे. अशी हकिकत वाचून सर्वसामान्य सुशिक्षित माणूस काय करतो, हे त्यात तपासले जाणार आहे. त्यासाठी ही हकिकत छापण्यास समितीने आनंदाने परवानगी दिली. प्राथमिक नोंदींनुसार वाचणारा दोन ठिकाणी हसतो, एका ठिकाणी हळहळतो आणि पान उलटतो. खुर्चीवरचे प्लास्टिक अजून निघालेले नाही.