न ढकलता चालणारी गाडी

मनोहररावांनी हिरवी गाडी काढून लाल गाडी घ्यायचं ठरवलं, ते बायकोचे हात पाहून. निदान ते तसं सांगत. (लाल गाडी आधी पाहून ठेवली होती आणि बायकोचे हात त्यानंतर पाहिले, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण गल्लीला ते ठाऊक होतं.)

सन अडुसष्टची गोष्ट. मनोहररावांचा सीताबर्डीला फोटो स्टुडिओ होता. मँगनीजच्या खाणीवरचा एक गोरा साहेब मायदेशी जाताना आपली शर्यतीची गाडी विकून गेला, ती यांनी हौसेनं घेतली होती. दोन माणसांची, बिनछपराची, हिरवीगार. साहेबाच्या हाती ती म्हणे वाऱ्यासारखी पळायची. मनोहररावांच्या हाती आधी दुसऱ्या कुणाला तरी पळावं लागे, मग गाडी पळे. किल्ली फिरवली की ती दोनदा खोकायची आणि गप्प व्हायची. मग शेजारचे बापूजी धोतर वर खोचून बाहेर येत, दूधवाला कवडू सायकल भिंतीला टेकवी, आणि दोघं मिळून मनोहररावांना कामावर धाडून देत. रोज. पाहुणे आले तर तेही हात लावत.

गावाबाहेर मात्र ढकलायला एकटी शामला. गाडी थांबली की ती काही न विचारता उतरे, मांडीवरचं सामान आपल्या जागेवर ठेवी, पदर खोची, दोन्ही तळवे मागच्या पत्र्यावर टेकवी आणि गाडीनं जीव धरला की धावत येऊन आत बसे. यात तिचा इतका हात बसला होता, की मनोहररावांना मागे वळून पाहायचीसुद्धा गरज पडत नसे. (ही त्यांची ड्रायव्हिंगची कला.)

संक्रांतीला खाप्याला तिच्या माहेरी हळदीकुंकू असायचं. शामला पोचायची ती कपाळावर धूळ आणि तळहात काळेकुट्ट. बाकीच्या बाया तिळगूळ हातावर घेत. शामलेची आई बायजाबाई मात्र लेकीच्या हातांकडे बघून म्हणे, "आ कर वं, बाई," आणि लाडू तोंडात घाले. बाया पदराआड हसत. गेल्या संक्रांतीला घरी परतल्यावर राखेनं हात घासता घासता शामला एवढंच म्हणाली, "एकदा तरी साफ हातानं माहेरी जायचं आहे मले."

त्यात रडगाणं नव्हतं, म्हणूनच ते मनोहररावांना फार लागलं. दुसरा एक साहेब जायला निघाला, तेव्हा त्यांनी त्याची लाल गाडी घेतली. सहा सिलिंडर, हिरवीच्या दुप्पट ताकद. किल्लीला हात लागला की गल्लीतली कुत्री पळायची.

"यंदा तुह्या हाताले डाग लागला, तर नाव बदलीन माह्यं," त्यांनी शामलेला शब्द दिला.

संक्रांतीच्या दिवशी निघताना बापूजी आणि कवडू सवयीनं गाडीमागे येऊन उभे राहिले. किल्ली फिरली, गाडी गरजली, आणि दोघांचे हात हवेतच राहिले.

"मंग आमी काय करावं गा, मनोहर?" बापूजींचा चेहरा उतरला.

"आता नुसतं पाहा, बापूजी."

"पाहाले काय, कोनीबी पाह्यते."

मनोहररावांना एकदम भरून आलं. या माणसांनी इतकी वर्षं आपल्याला ढकललं आणि कधी साधा चहा मागितला नाही. त्यांनी इंजिन बंद केलं. "ढकला बापूजी, कोपऱ्यापर्यंत."

दोघांनी जोर लावला. लाल गाडी जड होती. कोपरा येईस्तोवर बापूजींची टोपी घामानं भिजली, पण चेहरा पुन्हा जागेवर आला. कवडू म्हणाला, "वजनदार माल हाय, भाऊ."

शामला काळी चंद्रकळा नेसून बसली होती. मांडीवर संत्र्यांची टोपली, अंगावर शाल, आणि हात ओली मेंदी सांभाळावी तसे अलगद उचललेले. गाडी सुसाट निघाली. वारा आणि इंजिन मिळून असा आवाज करत होते, की बोललेलं आपलं आपल्यालाच ऐकू येत नव्हतं.

वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. मनोहररावांनी इंजिन बंद केलं. मालगाडी गेली, फाटक उघडलं. आणि शामलेनं, का ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही, टोपली आपल्या जागेवर ठेवली, वर शाल टाकली, उतरली, पदर खोचला आणि मागे जाऊन हात पुढे केले. इतक्या वर्षांची सवय ती. मनोहररावांनीही सवयीनं मागे पाहिलं नाही. किल्ली फिरवली. शामलेचे हात पत्र्याला लागायच्या आत गाडी पुढच्या वळणावर होती.

मनोहरराव खुशीत होते. शेजारी शालीतली आकृती डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती, आणि ती एकदाही मध्ये बोलत नव्हती. (हाही सहा सिलिंडरचाच गुण असावा, असं त्यांना वाटलं.) मोकळा रस्ता लागला तसं त्यांचं मनही मोकळं झालं.

"शामला, तुले एक सांगतो," ते ओरडून म्हणाले. "लोक मले गाडीवाला म्हणते. पण गाडी तू चालवली. मी नुसता बसून राहिलो. तू उतरली, धावली, कधी काहून, कशाले म्हटलं नाही. लय उपकार आहेत तुह्ये."

शालीला वाऱ्याचा हलकासा झोका बसला. शामलेनं लाजून मान हलवली, असं समजून मनोहररावांनी डोळे पुसले.

खाप्याला सासरे गोपाळराव दारातच उभे होते. मागे हळदीकुंकवाला जमलेल्या बाया. लाल गाडी कुणी न ढकलता दारात येऊन थांबली, तसे गोपाळराव कौतुकानं पुढे आले.

"वा जवाईबापू. शामला कुठी हाय?"

"हे काय," म्हणून मनोहररावांनी ऐटीत शाल उचलली.

गोपाळरावांनी वाकून टोपलीत पाहिलं. "हे तं संत्रे हायेत."

मनोहररावांनी शाल पुन्हा टोपलीवर टाकली. त्यांनी तिथल्या तिथे गाडी वळवली. साफ हातांचा शब्द दिलेली बायको आपण कुठल्या फाटकावर की कुठल्या खड्ड्यात सांडली, या विचारानं त्यांना रस्ता नीट दिसेना. गावाबाहेर थोडं अंतर गेले असतील, तोच गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

हिरवीच्या स्टिअरिंगपुढच्या फळीवरचे सगळे काटे मेलेले होते, म्हणून त्यांना काटे पाहायची सवयच राहिली नव्हती. लाल गाडीचा पेट्रोलचा काटा मात्र बिचारा सकाळपासून खरं सांगत होता. ते उतरले, तळवे पत्र्यावर टेकवले आणि जोर लावला. गाडी हलली नाही. पाय घसरले, गुडघे फुटले, हात काळे झाले, तरी हलली नाही. हे काम शामला इतकी वर्षं करत होती, हे त्यांना त्या दिवशी पाठीच्या कण्यातून कळलं.

तेवढ्यात समोरून एसटी आली. खिडकीपाशी शामला. पदर नीट, हात मांडीवर, आणि अगदी साफ. तिच्या सांगण्यावरून कंडक्टरनं घंटी मारली.

मनोहरराव खिडकीकडे धावले. "अवं, मी वाटभर तुले एवढं सांगितलं..."

"कोनाले सांगितलं?"

"टोपलीले."

"मंग आता मले सांगा."

सगळे उतारू त्या बाजूच्या खिडक्यांशी आले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. मनोहररावांनी सगळं पुन्हा सांगितलं: ती उतरली, ती धावली, तिचे उपकार. या खेपेला आवाज बारीक होता आणि शेवटी शेवटी तो फुटला. शामलेनं तोंड फिरवलं आणि साफ हातानं डोळे टिपले.

मागच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "बाई, एवढं म्हनून राहिला तो, तं उतरून हात लाव ना."

"आज नाही," शामला म्हणाली. "बाबाले बैल घेऊन पाठवते. तुम्ही इथंच बसा, वारा खात."

शामला माहेरच्या दारात एसटीतून उतरली, ती केसही न विस्कटता. बायजाबाईंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. बायांनी तो हात पाहिला. शामलेनं तो जरा जास्तच वेळ पुढे ठेवला.

मग तासाभरानं लाल गाडी आली. पुढे बैलजोडी, गाडीत काचेवरून कासरे धरून ऐटीत बसलेले गोपाळराव, आणि मागे ढकलत मनोहरराव. चढावर बैलांना मदत हवी, असं सासऱ्यांनीच बजावलं होतं.

ते दारात येऊन हाशहुश करत उभे राहिले. बायजाबाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि ताट लेकीकडे दिलं. शामला पुढे झाली.

"आ करा," ती म्हणाली, आणि लाडू त्यांच्या तोंडात घातला.

बाया पदराआड हसल्या. मनोहररावांना तो लाडू फार गोड लागला, आणि ते तसं म्हणणारही होते. पण तोंड भरलेलं असल्यामुळे गोपाळरावच आधी बोलले.

"गाडीची ताकद वाढली, हे खरं," बैल सोडता सोडता ते म्हणाले. "पहिलीले एकटी शामला पुरे. हिले दोन बैल अन् एक जवाई लागते."