रघुपती सारांचा मौनपाठ

रघुपतीने आईला सरळ उत्तर देणंच सोडून दिलं होतं. "रसम कसं झालंय?" असं चंद्रमतीबाईंनी विचारावं, तर हा घास हातात धरून गप्प बसायचा आणि मग शांतपणे म्हणायचा, "तुला काय वाटतं, अम्मा?" उभा जन्म चुलीपुढे घालवलेल्या बाईला काय वाटणार? हे पातेलं याच्याच डोक्यावर उपडं करावं, असं वाटायचं.

"तुम्हा मास्तरांना शाळेत हे कोण शिकवतं रे?"

"कुणी शिकवत नाही, अम्मा. आम्हीच आमच्या शिकवण्याचा विचार करतो. वर्गात काय केलं, का केलं, त्यातून कुठलं तत्त्व निघतं, ते मांडायचं."

"रांधून झाल्यावर मी पातेल्यापुढे तत्त्व काढत बसले, तर तू जेवणार कधी?"

तो काहीतरी विचारणार होता. पण बाईंच्या हातातली पळी पाहून त्याने तोंड मिटलं.

रघुपतीला सापडलेलं तत्त्व असं होतं: शिक्षकाने प्रश्न विचारावा आणि गप्प बसावं. त्या शांततेत पोरं आपोआप विचार करू लागतात. जिल्ह्याच्या शिक्षक संमेलनात हे मांडायचं म्हणून तो रोज दूधवाला येईपर्यंत जागून लिहायचा. खाल्लं काय, याची शुद्ध नाही. पोरांचे पेपर कोपऱ्यात धूळ खात पडलेले.

बाईंनी हेही चालवून घेतलं असतं. पण राजवाड्यामागच्या गल्लीतली विशालाक्षी आली. नवरा गेल्यापासून मुरुक्कू, म्हणजे चकल्या, तळून घर चालवणारी बाई. तिची गायत्री दहावीला, रघुपतीच्याच वर्गात; पोरं त्याला 'सर'ऐवजी तमिळ वळणाने 'सार' म्हणायची. गणितात कायम नापास.

"मामी, यंदा नापास झाली तर माझा भाऊ तिला कुंभकोणच्या कापडदुकानात उभी करणार. पोरगी नर्स व्हायचं म्हणते. सार जरा बघतील का?"

"बघेल म्हणजे?" चंद्रमतीबाई दारातल्या तिण्णैवरून, म्हणजे ओट्यावरून, गरजल्या. "पास करून दाखवेल. हा माझा शब्द!"

गल्लीभर ऐकू गेलं. मग त्यांनी गायत्रीला जवळ बोलावलं.

"कसा शिकवतो गं?"

"सार फार चांगले आहेत, आजी. कधी रागवत नाहीत."

"ते नाही विचारलं. शिकवतो का?"

पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "वर्ग फार शांत असतो."

संमेलनाला बाई रेशमी नऊवारी नेसून पुढच्या रांगेत बसल्या. चेन्नईहून सूर्यनारायण नावाचे मोठे शिक्षणतज्ज्ञ आले होते. रघुपतीने आपलं तत्त्व सांगितलं आणि पुरावा म्हणून वर्गाचं चित्रीकरण लावलं. फोन मागच्या कपाटावर ठेवून त्याने सबंध तास टिपला होता. लिहिण्याच्या घाईत स्वतः मात्र सुरुवातच तेवढी पाहिली होती.

पडद्यावर रघुपतीने फळ्यावर गणित घातलं. "पुढची पायरी काय?" असं विचारलं, खुर्चीत बसला आणि गप्प झाला. शांतता. त्याची मान हळूच डाव्या खांद्यावर कलली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मग घोरणं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. हसलं कुणीच नाही. गायत्री उठली आणि बसचे भोंगे आत येऊ नयेत म्हणून तिने खिडकी लावली. दुसरीने वहीने सारांवरची माशी हाकलली. हे सगळं रोजचंच असावं, इतकं बिनबोभाट चाललं होतं. पार घंटा होईपर्यंत. घंटेसरशी सार ताडकन उठले, चष्मा सावरत म्हणाले, "शाब्बास! असाच विचार करत राहा," आणि निघून गेले.

फळ्यावर गणित तसंच होतं.

रघुपतीचा चेहरा पिठासारखा झाला. नोकरी गेली, बाईंनी मनात म्हटलं. लाज तर आधीच गेली. तेवढ्यात सूर्यनारायण उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"शिक्षकाने स्वतःला इतकं पुसून टाकलेलं मी आजवर पाहिलं नाही! झोपेचं सोंग घेऊन वर्ग पोरांच्या हाती सोपवला! आणि पोरांनी तो किती मायेने सांभाळला!"

टाळ्यांचा पाऊस पडला. रघुपतीने तोंड उघडलं, मिटलं, आणि हात जोडले. हात जोडताना त्याने आईकडे पाहिलं नाही.

लवकरच हुकूम आला. रघुपती सारांनी आता पापनाशमच्या प्रशिक्षण केंद्रात बसून साऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना शिकवावं. त्यांच्या जागी शाळेला दुसरा गणिताचा मास्तर मिळाला नाही. कवायतीचे सार वर्गात येऊन वर्तमानपत्र वाचत बसू लागले.

सहामाहीत गायत्री पुन्हा नापास झाली. विशालाक्षी दारात आली तेव्हा बाई भांडणाच्या तयारीने उभ्या राहिल्या. पण तिच्या हातात मुरुक्कूचा डबा होता.

"सारांना मोठी जागा मिळाली म्हणून आणलं, मामी. गायत्री पोंगलचा सण झाला की दुकानात जाते. भाऊ म्हणाला, परीक्षेची फी तरी कशाला भरायची?"

बाईंच्या जिभेने आजवर कुणाला उसनं ठेवलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी नुसता डबा घेतला.

संध्याकाळी रघुपती पापनाशमच्या बसने खुशीत परतला. "आज सगळे मास्तर गप्प बसले होते, अम्मा! काय ती शांतता!"

बाईंनी त्याला गायत्रीचं सांगितलं. त्याने डबा उघडला, एक मुरुक्कू मोडून हातात धरला.

"वाईट झालं," तो म्हणाला. "नेमकं कुठे चुकलं, यावर मी एक निबंधच लिहितो."

चंद्रमतीबाईंनी त्याच्यापुढचा डबा उचलला.

"लिही. पोटभर लिही. पण एक ऐक, रघू. वर्गात झोपायचास तेव्हा वर्गात तरी होतास. घंटा झाली की उठायचास तरी. आता तुला उठवायला घंटासुद्धा उरली नाही."