हौसरावांचं तारण आणि चार हात भिंत

मेल्यावर माणूस कुठं जाणार, हा प्रश्न देवानं सृष्टी निर्माण करण्यापूर्वीच निकालात काढलेला आहे. माणसांना मात्र त्यासाठी कमिटी नेमावी लागते, कारण देवाच्या निकालाची नक्कल मिळत नाही.

आमच्या शिरूर-दौंड संयुक्त ख्रिस्ती मंडळीची पंचकमिटी ही त्या दृष्टीनं एक आदर्श कमिटी होती. सभासद पाच. अध्यक्ष अर्थातच पाळकसाहेब. दौंडचे जयसिंगराव, रेल्वेतले निवृत्त गार्ड. शिरूरचे पोपटराव मास्तर. शमुवेल कंपाउंडर, जे नेहमी बहुमताबरोबर असत आणि बहुमत कुठं आहे हे कळेपर्यंत डोळे मिटून बसत. आणि पाचवा मी, चिटणीस, बी.ए. असल्यामुळं इतिवृत्त लिहिण्यापलीकडं कसल्याही कामाला निरुपयोगी. १९५७ ते १९६० या काळात कमिटीच्या एकतीस बैठका झाल्या. पैकी बावीस तारणाच्या पूर्वनेमणुकीवर, सहा प्रार्थनेच्या पेटीच्या फुटलेल्या भात्यावर, दोन चहा कुणी करायचा यावर. एक बैठक कोरमअभावी तहकूब झाली. (कोरम होणार नाही हे जयसिंगरावांना आधीच ठाऊक होतं, म्हणून ते आले नव्हते.)

पूर्वनेमणुकीचा सिद्धांत फारच सोपा आहे. कोण तरणार आणि कोण नाही हे देवानं आधीच ठरवलेलं आहे. त्यात आपल्या पुण्यानं भर पडत नाही आणि पापानं घट होत नाही. याच्या विरुद्धचा सिद्धांतही तितकाच सोपा आहे. देवाला सगळं आधी दिसतं, पण त्याचा हात धरायचा की सोडायचा हे माणसाच्या मर्जीवर आहे. विद्वान लोक या दोन मतांवर शेकडो वर्षं भांडत आले आहेत. त्याचं कारण त्यांना शिरूर आणि दौंड ही गावं ठाऊक नव्हती. ज्या गावाला रेल्वे आहे, तिथला ख्रिस्ती माणूस पूर्वनेमणूक मानतो. गाडी कुठं जाणार, रूळ कुठं वळणार, हे प्रवाशाच्या जन्माआधी छापून आलेलं असतं. ज्या गावाला रेल्वे नाही, मोटार आहे, तिथला माणूस स्वतंत्र इच्छा मानतो, कारण पाशिंजर भरल्याशिवाय मोटार हलत नाही हे तो रोज बघतो. दौंडचा एकही माणूस स्वतंत्र इच्छेचा निघाला नाही आणि शिरूरचा एकही पूर्वनेमणुकीचा. अपवाद शमुवेल कंपाउंडर. ते शिरूरला राहत आणि रोज नोकरीला दौंडला जात.

अशी कमिटी रिकामी बसणं बरं नव्हे. तिला काम मिळालं ते हौसरावांमुळं.

हौसराव हे केंदूरच्या बापूसाहेबांच्या मळ्यावर राखणदार. बायको सोजराबाई लग्नानंतर काही वर्षांनी ख्रिस्ती झालेली. केंदूरच्या प्रार्थनाघराची झाडलोट, दिवाबत्ती तिच्याकडं. हौसराव अकरा वर्षं दर रविवारी प्रार्थनाघराच्या उंबऱ्याबाहेर बसून उपासना ऐकत. आत का येत नाही विचारलं की म्हणत, "चपलांवर कुनी ध्यान ठेवायचं?" बाराव्या वर्षी ते आत यायला तयार झाले. बाप्तिस्म्याची तारीख ठरली: फेब्रुवारी १९५८, दुसरा रविवार, सकाळी दहा.

पाळकसाहेब शिरूरहून चांदभाईच्या मोटारीनं निघाले. पाबळच्या अलीकडं ओढ्यात मोटारीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. पाळकसाहेब बाप्तिस्म्याचं पुस्तक काखेत मारून चालत निघाले आणि चार वाजता केंदूरला पोचले. हौसराव सकाळी सातलाच अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, उंबऱ्यावर बसलेले होते. सव्वातीनला त्यांच्या छातीत कळ आली. म्हणजे पाऊण तासाचा फरक. पाळकसाहेबांनी पुस्तकात बाप्तिस्म्याचं पान मिटून दफनाचं उघडलं. दोन्ही एकाच पुस्तकात असतात, एवढीच त्यातल्या त्यात सोय.

पण नियम सात असा होता: "केंदूर येथील दफनभूमीच्या भिंतीच्या आत बाप्तिस्मा झालेल्यांसच जागा मिळेल." गावकरी म्हणाले, "तुमचा मानूस, तुम्ही बघा." त्यामुळं हौसरावांना पश्चिमेच्या भिंतीबाहेर, भिंतीला अगदी लागून, 'कमिटीचा निर्णय होईतो तात्पुरत्या स्वरूपात' पुरण्यात आलं. (माणसाला तात्पुरतं पुरण्याची पद्धत जिल्ह्यात बहुधा आम्हीच सुरू केली.)

पुढच्या महिन्यात सोजराबाईंचा अर्ज आला. आंगठा डाव्या हाताचा. मागण्या दोन. एक, नवऱ्याला आत घ्यावं. दोन, ते जमत नसेल तर ती मेल्यावर तिला बाहेर त्याच्याशेजारी पुरावं.

दुसरी मागणी कमिटीनं पहिल्याच बैठकीत फेटाळली. बाप्तिस्मा झालेली बाई भिंतीबाहेर पुरली तर ती मंडळीतून काढलेली दिसेल, आणि काढण्यासाठी तिनं आधी काहीतरी पाप करायला हवं. पाळकसाहेबांनी दयाळूपणं विचारलं, "बाई, हल्ली काही पाप घडलंय का?"

सोजराबाईंनी पुष्कळ आठवून पाहिलं. "शेजारनीच्या कोंबडीला दगड मारला व्हता. पन लागला न्हाई."

ते पुरेसं नव्हतं.

राहिली पहिली मागणी. तिच्यावर चौदा महिने चर्चा झाली. जयसिंगराव म्हणाले, हौसराव तरणार होते की नाही हे आधीच ठरलेलं आहे. तरणार असतील तर पाऊण तासानं फरक पडत नाही, आणि नसतील तर पाळकसाहेब विमानानं गेले असते तरी पडला नसता. मग त्यांना आत घ्यायला हरकत नाही ना, असं मी विचारलं. ते म्हणाले, "हरकत आहे. ठरलंय हे माहीत आहे. काय ठरलंय ते माहीत नाही." पोपटराव मास्तर म्हणाले, हौसरावांनी स्वतःच्या मर्जीनं धोतर धुतलं होतं, म्हणजे हात धरलेला होता. येशूनं शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला स्वर्ग दिला, त्याचा कुठं बाप्तिस्मा झाला होता?

"त्या वेळी कमिटी नव्हती," जयसिंगराव म्हणाले. हा मुद्दा इतिवृत्तात आहे.

सोजराबाई दर बैठकीला केंदूरहून येऊन दाराशी बसत. एकदा त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, देवानं जग व्हायच्या आदीच समदं ठरवलं, आसं म्हंता न्हवं?"

"हो, बाई."

"मंग तुम्ही कवा ठरवनार?"

हा प्रश्न 'आयत्या वेळचे विषय' या सदरात नोंदवून पुढं ढकलण्यात आला.

अखेर सगळं त्या पाट्यावर येऊन थांबलं. पाटा तुटला तो देवाच्या योजनेनं की चांदभाईच्या हयगयीनं? योजनेनं असेल तर हौसराव बाहेर राहावेत अशीच योजना होती. हयगयीनं असेल तर एका मोटारमालकाच्या हयगयीमुळं माणूस नरकात जातो, असं कमिटीला मान्य करावं लागलं असतं. (तसं असतं तर त्या रस्त्यावरचं कुणीच तरलं नसतं.) म्हणून चांदभाईला पत्र गेलं. चांदभाई उत्तर लिहीत बसला नाही, स्वतःच आला. बशीत चहा ओतून घेतला आणि म्हणाला, "इचारा."

"पाटा तुटेल अशी तुम्हाला कल्पना होती?" पाळकसाहेब.

"कल्पना कशाची? दिवाळीपासनं ठाऊक हुतं. मिस्त्री बोलला हुता, चांदभाई, हा पाटा पाबळच्या वड्यात जानार."

"मग मोटार सोडली कशी?"

"पाशिंजर बसल्यालं. तुम्ही सोता पुढच्या शिटावर. म्हनाला, चांदभाई, लवकर सोडा, बाप्तिस्मा हाय."

"म्हणजे पाटा तुम्हीच तोडलात," पोपटराव मास्तर कडाडले.

"आवो मास्तर, ठाऊक असनं येगळं, तोडनं येगळं. तोडला खड्ड्यानं. म्या निस्ता आदी बगितला."

जयसिंगराव खुर्चीतून उठले आणि त्यांनी चांदभाईचा हात हातात घेतला. धर्मशिक्षणाची चार वर्षं ज्याच्यावर गेली तो मुद्दा पाळकसाहेबांना इतक्या थोडक्यात कुणी सांगितला नव्हता. चांदभाईकडून तसा दाखलाच लिहून घेतला. मजकूर मी सांगितला, सही त्याची: "दाखला देण्यात येतो की, सदर पाटा सदर ओढ्यात तुटणार याचे मालकास पूर्वज्ञान होते. परंतु पूर्वज्ञान असणे म्हणजे जबाबदार असणे नव्हे. सबब तिकीट परत घेतले जाणार नाही."

जाताना दारात थांबून चांदभाईनं विचारलं, "त्ये समदं ऱ्हाऊ द्या. म्हातारीचं काय केलं?"

बैठकीची वेळ संपलेली होती.

त्या साली पाऊस बरा झाला आणि केंदूरच्या दफनभूमीची पश्चिमेची भिंत पडली. कमिटीनं तातडीनं ठराव केला: एक, भिंत जुन्याच पायावर बांधावी, दोन, नवा दगड घेऊ नये, आहे त्या दगडात भागवावं, तीन, काम मेहमूद गवंड्याला द्यावं. जुना पाया कुठं आहे, हे ठरावात लिहिलेलं नव्हतं. लिहिणार कसं? चौदा महिने आम्ही त्या भिंतीच्या आत-बाहेरची चर्चा करत होतो, पण हौसरावांच्या दफनानंतर तिथं कुणी गेलेलं नव्हतं. पाळकसाहेब तेवढे महिन्यातून एकदा केंदूरला जात, ते प्रार्थनाघरापर्यंत. इतका खोल विचार शिरूरलाच होऊ शकतो. तिथं पंखा आहे.

पुढचं मला मेहमूदनं नंतर सांगितलं. पश्चिमेला छातीएवढं गवत, पडलेले दगड विखुरलेले, निम्मे गावानं गोठ्यांना नेलेले. सोजराबाई पाण्याची घागर घेऊन आलेल्या.

"आजी, कमिटी बोलली जुन्या पायावर बांध. पाया कुटं हाय?"

सोजराबाईंनी घागर खाली ठेवली. हौसरावांना वळसा घालून पलीकडं गेल्या आणि टाचेनं रेघ ओढली. "हितनं."

"पक्कं?"

"म्या रोज येते, बाबा. तुझी कमिटी कवा आल्ती?"

मेहमूदनं पावलं टाकून माप घेतलं. "एवढ्या लांबनं घ्यायचं तर दगड पुरायचा न्हाई. मंग उगवतीची भिंत चार हात आत वढावी लागंल."

"तिकडं कोन निजलंय?"

"कोनी न्हाई. लिंबाखाली मोकळीच जागा."

"मंग वढ."

महिनाभरानं पाळकसाहेब केंदूरला गेले असता कुणीतरी त्यांना मुद्दाम नेऊन दाखवलं: हौसराव भिंतीच्या आत. त्यांनी सोजराबाईंना विचारलं, "बाई, पाया खरंच इथं होता?"

"देवाला ठावं, साहेब. त्यानं आदीच बगितला आसंल की."

शिरूरला तातडीची बैठक भरली. आणि जे बावीस बैठकांत घडलं नव्हतं ते पावणेदोन तासांत घडलं. जयसिंगराव म्हणाले, भिंत तिथं होणार हे अनादिकाळापासून ठरलेलं होतं, पाया कुठं होता याला अर्थ नाही. पोपटराव मास्तर म्हणाले, बाईनं स्वतःच्या मर्जीनं रेघ ओढली आणि देवानं ती आधीच पाहून मान्य केली. कारणं वेगळी, भिंत तीच. शमुवेल कंपाउंडरांनी आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून हात वर केला. ठराव एकमतानं झाला: "केंदूर येथील दफनभूमीची भिंत आज चारही बाजूंनी जिथे आहे तिथेच ती देवाच्या मनात आरंभापासून होती, असे ही कमिटी मानते. तीत पुढे कोणत्याही कारणास्तव, कोणाच्याही विनंतीवरून, फेरबदल केला जाणार नाही." 'चारही बाजूंनी' हे शब्द माझे. वाक्याला वजन येतं म्हणून घातले.

मग आभारप्रार्थनेसाठी आम्ही पाचहीजण केंदूरला गेलो.

एक गोष्ट सांगायची राहिली. लिंबाखालची उगवतीची जागा मोकळी होती, पण बेवारस नव्हती. ती कमिटीच्या पाच सभासदांसाठी राखीव होती. पुनरुत्थानाच्या दिवशी ऊन आधी तिथं पोचतं, सावलीही बरी. प्रत्येक जागेवर क्रमांकाचा दगड. ते पाचही दगड आता भिंतीच्या बाहेर होते. दोन नंबरला, म्हणजे जयसिंगरावांच्या दगडाला, कुणाची तरी शेळी बांधलेली होती. पाच नंबर माझा. त्याच्यावर शेण्या वाळत होत्या.

आभारप्रार्थना आवरती घेण्यात आली. पाळकसाहेबांचा चेहरा पाहून सोजराबाई जवळ आल्या. "घाबरू नगा, साहेब," त्या म्हणाल्या. "बाहीरची माती बी तीच हाय. म्या बगितलीया."

सोजराबाई १९६१ साली वारल्या. नियम सातप्रमाणं त्यांना भिंतीच्या आत जागा मिळाली, हौसरावांच्या डाव्या हाताला. उगवतीच्या भिंतीबद्दल पाचही सभासदांनी मिळून कमिटीकडं केलेला अर्ज अजून कमिटीच्या विचाराधीन आहे. जयसिंगराव हल्ली म्हणतात की माणसाच्या प्रयत्नानं पुष्कळ काही बदलता येतं, आणि पोपटराव मास्तर म्हणतात की देवाच्या मनात असेल तसं होईल. शेळी मात्र बदललेली नाही.

वाचकहो, हौसराव आत की बाहेर याची काळजी करत आपण इथवर आलात, हा आपला चांगुलपणा. पण या सगळ्या वेळात आपण स्वतः भिंतीच्या कोणत्या बाजूला उभे आहात, असा प्रश्न आपल्या मनाला एकदाही शिवला नाही. आपण स्वतःला आतच धरून चालला होतात. असं होणार हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं म्हणजे जबाबदार असणं नव्हे. चांदभाईचा दाखला माझ्यापाशी आहे.