शनिवारचा तर्जुमा

टीव्हीवर परग्रहावरच्या राक्षसानं बंदूक रोखून 'शरण या' असं फर्मावलं, की आमचे शेजारी इस्माईलचाचा खुर्चीतून त्याचा मराठी तर्जुमा करतात, "तो म्हनतो, पेज संपवली का नाय?"

मी खोपोलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. अशा वेळी माझं काय होत असेल, तुम्हीच सांगा.

चाचा तरुणपणी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. एकदा त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरात अडकलं. ज्या बाईकडे ते खोली घेऊन राहिले, तिच्या टीव्हीवर दर शनिवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. काळात मागेपुढे हिंडणारा एक चक्रम म्हातारा, त्याच्याबरोबर एक मुलगी, आणि दर शनिवारी नवं संकट. चाचा त्या गोष्टीत पार अडकले. आणि शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी जहाज सुटलं! त्या मुलीचं पुढे काय झालं, हे त्यांना कित्येक वर्षं कळलं नाही. "निकाहात 'कबूल' म्हटलं, तवा पन डोक्यात तीच पोरगी," असं ते अजून सांगतात. हे चाचींच्या समोरही सांगायचे.

चाची गेल्या, दोन्ही मुली आखातात संसाराला लागल्या, आणि मग कधीतरी भाच्यानं, युनूसनं, ती जुनी मालिका पेनड्राइव्हवर आणून दिली. तेव्हापासून खोपोलीतल्या शिळफाट्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत तिची पारायणं चालू आहेत. शनिवारी संध्याकाळी एक भाग. दुसरा लावा म्हणालात तर चाचा तुमच्याकडे असे बघतात, की जणू तुम्ही रोजा सुटायच्या आधीच खजूर मागितलाय.

मालिका जुनी, काळीपांढरी, आणि खरं सांगायचं तर पुठ्ठ्याची. पण चाचांपुढे तसं बोलायची सोय नाही.

"चाचा, ती गुहेची भिंत हलली."

"हलनारच. वारा सुटलाय तिथं."

"आणि राक्षसाच्या हातात रबरी मोजे आहेत."

"थंडी वाजते त्याला. सर, तुमी काय मोजे घालत नाय?"

गेल्या वर्षी म्हसळ्याला त्यांची थोरली बहीण, आयेशाआपा, न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर, व्यायाम शिकवणारी बाई सगळं जवळ पडतं म्हणून युनूसनं आईला मामाकडे आणून ठेवलं. आपानं आल्या आल्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून घेतलं. वॉकर कोपऱ्यात तसाच. दोन घासांच्या वर जेवण नाही. "माजं झालं आता," एवढंच म्हणायची. व्यायामवाली बाई ओरडून गेली, युनूस रडून गेला, आपा हलली नाही.

मग चाचांनी आतल्या खोलीतला टीव्ही बाहेरच्या खोलीत नेला आणि आवाज मोठा केला. तिसऱ्या शनिवारी आपा वॉकर धरून दारात उभी. "कोन वरडतंय एवढं?"

"बस ना आपा. सांगतो."

आपाला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. चाचांना तेवढंच हवं होतं. तो म्हातारा मुलीला 'पळ!' म्हणाला, की चाचांचा तर्जुमा यायचा, "सांगतो, गुडघा वाकवून रोज चालायचं. बसून राहिलं की सांधा धरतो." ग्रहाची राणी सैन्याला हुकूम सोडायची, "गोळ्या दुधासोबत घ्या." विश्वाच्या नाशाची घोषणा झाली, तेव्हा "आज भेंडी केलीय, ती पन खायची" असं मी या कानांनी ऐकलंय.

एकदा न राहवून मी आपाला हळूच म्हटलं, "आपा, ते तसं नाही म्हणत आहेत."

"म्हायती हाय, सर. त्या राकसाला माज्या भेंडीचं काय पडलंय?" आपा म्हणाली. "पन हा एवडा घसा कोरडा करतो, तर खाते मी."

आपा खाऊ लागली, मग चालू लागली. वॉकर सुटला, काठी आली, काठीही दारामागे जाऊन बसली. एके दिवशी तिनं उभ्यानं घावन घातले आणि आमच्याकडेही पाठवले. चाचांनी गल्लीभर सांगितलं. युनूसलाही फोनवर सांगितलं, आणि तिथेच त्यांनी पायावर धोंडा पाडून घेतला. "मग आईला घेऊन जातो," युनूस म्हणाला.

गोष्टीचा फक्त शेवटचा भाग उरला होता. तो संपल्यावर आपा जाणार, असं ठरलं.

त्या शनिवारी चाचा म्हणाले, पेनड्राइव्ह तापलाय. पुढच्या शनिवारी टीव्हीला खरखर होती. ती मला काही ऐकू आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी युनूसचा फोन आला, उद्या गाडी घेऊन येतोय. आता इलाज नव्हता. चाचांनी शेवटचा भाग लावला.

गोष्ट अशी संपते, की मुलगी त्याच ग्रहावर राहायचं ठरवते. रडते, निरोप घेते. म्हातारा एकटा यानाकडे निघतो.

"काय म्हनते रं?" आपानं विचारलं.

चाचा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "म्हनते, मी येते तुज्याबरोबर."

"मग हात कशाला हलवते?"

"चिलटं हाकवते."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. चाचांचा चष्मा ओला झाला होता, आणि त्या माणसाला आपण नुसतं वल्ली समजत होतो याचं मला फार वाईट वाटलं.

आपा उठली, ताठ चालत स्वयंपाकघरात गेली. कप आणायला मी मागोमाग गेलो. एका हातानं चहात साखर ढवळत ती फोनवर बोलत होती, "युनूस, उद्या येऊ नको रं. पाय अजून धरत नाय. व्हय, भिंतीला धरूनच चालते. मामा काय सांगतो, त्याला काय कळतंय?"

फोन ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमी काय ऐकलं नाय."

"नाही, आपा."

बाहेर चाचा बंद टीव्हीसमोर बसले होते. आपानं त्यांच्या हातात चहा दिला आणि आपल्या खुर्चीत टेकली.

"उद्या युनूस येत नाय," ती म्हणाली. "फुडच्या शनिवारी काय लावतोस?"

चाचांनी कप खाली ठेवला. "हाय एक," ते म्हणाले. "पन लय लांब हाय ती."

"असू दे," आपा म्हणाली.